औषध, पथ्य आणि पगार

श्रावणात नाशिकच्या अंबड भागातून एका आजींचे पत्र या सदराकडे आले. आजींचे वय ७३. अक्षर थरथरते, पण मजकूर स्वच्छ. त्यांच्या परवानगीने त्यातील काही ओळी येथे देतो.

‘माझ्या मुलाला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि सहाव्या दिवशी तो कामावर निघाला. मी दारात उभी राहून अडवले. तो म्हणाला, आई, आणखी आठ दिवस घरी बसलो तर घराचा हप्ता कुठून भरू? त्याच दुपारी तो यंत्राशेजारी चक्कर येऊन पडला. हात यंत्रात गेला नाही, ही देवाची कृपा. पुढे चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरात करणारी माणसे होती, पेज होती, औषध होते. कमी पडला तो पगार. मी त्याला त्या सकाळी काय सांगायला हवे होते?’

पत्रासोबत आजींनी मुलाच्या पगारपत्रकाची छायाप्रत जोडली आहे. चौदा दिवसांचा पगार कसा कापला गेला, ते मला दिसावे म्हणून. ती छायाप्रत मी दोनदा वाचली. कपातीच्या रकान्यात, भविष्य निर्वाह निधीच्या खाली, इंग्रजीतील तीन आद्याक्षरे होती : ई.एस.आय. आणि त्यापुढे एक लहानशी रक्कम. आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ओळीत होते. दरमहा ते घरी येत होते, आणि घरात कोणीही ते वाचत नव्हते.

आजचा लेख त्या ओळीविषयी आहे. आपल्यापैकी बहुतेक जण निवृत्त आहात; आजारपणातील पगार हा विषय आपल्यासाठी संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या घरात मिळवणारे कोणी असेल, किंवा आपली शुश्रूषा करण्यासाठी कोणी पगारावर येत असेल, तर हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे.

ताप उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे

प्रथम वैद्यकीय बाजू पाहू. डेंग्यूचा ताप साधारणतः दोन ते सात दिवस राहतो. तो उतरला की घरातील सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या बाबतीत ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास अधिक नाजूक असतात. रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपणे, रक्तदाब घसरणे, रक्तस्राव होणे हे धोके याच काळात संभवतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णाला विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. ही अवस्था टळली तरी थकवा पुढे काही आठवडे रेंगाळू शकतो.

म्हणजे आजींचा मुलगा ज्या दिवशी कामावर गेला, त्या दिवशी त्याने अंथरुणातच असायला हवे होते. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही; डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली होती. चिठ्ठीवरची औषधे त्याने आणली, विश्रांती मात्र त्याला परवडली नाही.

विश्रांती हीदेखील औषधासारखी विकत घ्यावी लागते, ही गोष्ट आपण सहसा बोलत नाही. औषधाची किंमत पावतीवर दिसते. विश्रांतीची किंमत महिनाअखेरीस पगारातून वजा होते. गरीब आणि मध्यमवर्गीय घरात माणूस अर्धवट बरा होऊन उठतो, तो बहुधा या दुसऱ्या किमतीमुळे.

पगारपत्रकावरचे १३५ रुपये

ही किंमत एकट्या कामगारावर पडू नये, हा विचार आपल्या देशात जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याची जबाबदारी सोपवण्यात आली. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली. आपल्याकडे ती ‘कामगार विमा’ या नावाने ओळखली जाते.

योजनेचे सूत्र सोपे आहे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अशी वर्गणी जमा होते. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे आहेत. आजींच्या मुलाचे वेतन १८,००० रुपये. त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये. मालकाचा वाटा ५८५ रुपये. तो ते १३५ रुपये ‘कसला तरी कर’ समजत होता. तो कर नव्हता. आजारी पडण्याच्या हक्काचा तो हप्ता होता.

या हप्त्याच्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली, वैद्यकीय उपचार : स्वतःला आणि कुटुंबाला, त्यात विमाधारकावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. दुसरी, जिच्याविषयी घरोघरी अज्ञान आहे, ती म्हणजे आजारपणाचा रोख लाभ. विमाधारक आजारी पडला आणि योजनेच्या डॉक्टरांनी त्याला कामास असमर्थ ठरवले, तर त्या दिवसांसाठी सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. हा लाभ वर्षभरात, म्हणजे लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून, ९१ दिवसांपर्यंत घेता येतो.

त्यासाठी एक अट आहे. वर्षाचे दोन वर्गणी कालावधी मानले जातात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीतील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळातील लाभ मिळतो, दुसऱ्यातील वर्गणीवर जुलै ते डिसेंबर या काळातील. संबंधित वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. आजींचा मुलगा पावसाळ्यात आजारी पडला. म्हणून त्याच्या आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांची वर्गणी पाहिली गेली असती. तो त्या कारखान्यात सहा वर्षे आहे. अट सहज पूर्ण झाली असती. नव्याने नोकरीस लागलेल्यांना मात्र रोख लाभासाठी सुमारे नऊ महिने थांबावे लागते. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात.

आता हिशोब मांडू. सरासरी दैनिक वेतन ढोबळमानाने ६०० रुपये धरले, तर ७० टक्के म्हणजे ४२० रुपये. आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे मानले जातात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. चौदा दिवसांतून दोन वजा जाता बारा दिवसांचे ५,०४० रुपये त्याच्या बँक खात्यात आले असते. पूर्ण पगाराचे ८,४०० रुपये भरून निघाले नसते, हे खरे. पण ज्या हप्त्याच्या काळजीने तो उठला, ती काळजी बरीच हलकी झाली असती.

आणखी एक बारकावा. आजार उलटला आणि आधीच्या लाभानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा रजा घ्यावी लागली, तर ते दोन प्रतीक्षेचे दिवस पुन्हा लागत नाहीत. आणि ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी रजा मिळाली, त्या दिवसाचा विमा लाभ मिळत नाही; एका दिवसाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत. म्हणून शिल्लक रजा असेल तर ती पहिल्या दोन दिवसांसाठी वापरावी आणि पुढील दिवस विम्याच्या लाभावर काढावेत, हे शहाणपणाचे.

पहिल्या दिवशी कोठे जावे

हक्क असूनही पैसे हातून निसटतात, ते बहुधा पहिल्या दिवशी. ताप आला की माणूस गल्लीतील नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर चांगले असतात, गुणही येतो. पण त्यांच्या चिठ्ठीवर विम्याचा रोख लाभ आपोआप मिळत नाही. त्यासाठी कामगार विमा दवाखान्यातील किंवा योजनेच्या पॅनेलवरील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. आजार किती तारखेपासून धरायचा, हेही त्या प्रमाणपत्रावर ठरते. आजींच्या मुलाचे नेमके हेच झाले. त्याच्याजवळ कागद होते, पण उपयोगी पडेल असा एकही नव्हता.

कामगार विमा दवाखान्यात गर्दी असते, रांग असते, कधी कागद एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे फिरतात. हे मी नाकारत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला रांगेत उभे करणे जिवावर येते. तरीही पहिल्याच दिवशी जाऊन नोंद करावी. घरच्या डॉक्टरांचे मत घ्यायचे तर नंतर घ्यावे. अपघात किंवा अचानक बिघडलेली प्रकृती यांमुळे बाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर दाखल्याचे, तपासण्यांचे आणि घरी सोडल्याचे सर्व कागद जपून ठेवावेत व विम्याच्या दवाखान्याला आणि शाखा कार्यालयाला लवकरात लवकर कळवावे.

प्रमाणपत्रांची एक मालिका असते. प्रथम आजारपणाचे पहिले प्रमाणपत्र, आजार लांबला तर मधली प्रमाणपत्रे, आणि शेवटी कामावर जाण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र. मालिकेतील एक दुवा जरी हरवला, तरी त्या दिवसांचे पैसे अडकतात.

येथे ज्येष्ठ वाचकांना माझी खास विनंती आहे. मिळवती माणसे या कामात ढिली असतात. त्यांना वेळ नसतो आणि आजारी असताना त्राणही नसते. आपण मात्र आयुष्यभर कागद सांभाळले आहेत. वीजबिलांच्या, निवृत्तिवेतनाच्या, मुलांच्या गुणपत्रिकांच्या फायली आपल्याच कपाटात आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक फाईल लावा. तिच्यावर मुलाचे, सुनेचे, लेकीचे किंवा जावयाचे नाव लिहा. आत विमा क्रमांक, ओळखपत्राची प्रत, जवळच्या विमा दवाखान्याचा आणि शाखा कार्यालयाचा पत्ता, बँक खात्याचा तपशील आणि गेल्या वर्षभराची पगारपत्रके ठेवा. घरात कोणी आजारी पडले, की ही फाईल हाती देणे एवढेच काम उरेल.

पगारपत्रके वाचतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. वेतनातून कपात होते, पण ती वर्गणी पुढे भरली जाते का, हे विमा क्रमांकावरून तपासता येते. कापलेली रक्कम ही मालकाकडे कामगाराने सोपवलेली ठेव मानली जाते; ती न भरणे हा गंभीर दोष आहे, आणि अशा वेळी शाखा कार्यालयात लेखी तक्रार करावी. दुसरी गोष्ट, ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी ‘आम्हाला कुठला विमा?’ असे धरून चालू नये. ठेक्यावरील कामगारही योजनेत येतात आणि त्यांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावरही असते.

आणखी एक भीती मोठी असते : ‘इतके दिवस घरी राहिलो तर काढून टाकतील.’ विमाधारक आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढणे, पदावनत करणे किंवा शिक्षा करणे यास १९४८ च्या कायद्याने मनाई केली. त्याच कायद्याने कामगारावरही बंधन घातले. लाभ घेत असताना त्याने उपचाराखाली राहावे, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाव सोडू नये आणि बरे होण्यास बाधा येईल असे काही करू नये. आजींनी दारात उभे राहून जे सांगितले, तेच कायद्यानेही लिहून ठेवले होते.

आजार लांबला तर

काही आजार चौदा दिवसांत आटोपत नाहीत. क्षयरोग, कर्करोग, अर्धांगवायू, कंपवात, काही गंभीर मानसिक विकार अशा ३४ दीर्घकालीन आजारांची यादी योजनेने केली आहे. यांपैकी एखादा आजार झाला, तर ९१ दिवसांनंतर विस्तारित लाभ मिळू शकतो. त्याचा दर ७० ऐवजी ८० टक्के, आणि मुदत एकूण दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते.

क्षयरोगाच्या बाबतीत ही तरतूद अक्षरशः प्राण वाचवणारी आहे. नेहमीच्या क्षयरोगाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि घरातील मिळवता माणूस म्हणतो, ‘आता बरा आहे, जातो कामाला.’ काम सुरू झाले की दवाखान्याची वेळ आणि कामाची पाळी एकमेकींना छेदतात, डोस चुकू लागतात. अर्धवट सोडलेले औषध म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाला निमंत्रण. घरात वृद्ध आईवडील आणि लहान मुले असतील, तर धोका साऱ्या घराला असतो. कामावर कधी परतावे हे डॉक्टरांनी ठरवावे, घराच्या हप्त्याने नव्हे.

विम्याच्या कक्षेबाहेरचे

सर्वच नोकरदार या योजनेत येतात असे नाही. २०१७ पासून वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००. वेतनवाढीमुळे मर्यादा ओलांडली गेली, तरी चालू वर्गणी कालावधी संपेपर्यंत विमा सुरू राहतो, हे ध्यानात असू द्यावे. कारखान्यांसाठी किमान १० कामगारांची अट आहे. दुकाने आणि अन्य आस्थापनांविषयी शाखा कार्यालयात विचारावे.

मर्यादेबाहेरच्यांना नोकरीच्या ठिकाणच्या रजेवर भिस्त ठेवावी लागते. आपल्यापैकी जे राज्य शासनाच्या सेवेत होते, त्यांना वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा आठवत असेल. वैद्यकीय प्रमाणपत्र दिले की तीच रजा ‘परिवर्तित’ होऊन पूर्ण पगाराची होत असे, आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होत. मुलगा आजारी असताना कामावर निघाला की आपण रागावतो, ‘रजा टाक ना!’ त्याच्याकडे टाकण्यासारखी रजा आहे का, हे आधी विचारावे. खासगी नोकरीत ती आपल्यासारखी साठलेली नसते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात, त्याच्या कक्षेतील कामगारांना वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे. याशिवाय वर्षात २४० दिवस काम केले असेल, तर दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा त्यात नाही. म्हणून ही साठवलेली रजा लग्नसराईत आणि सहलींत संपवू नये, थोडी गंगाजळी ठेवावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तर एक समंजस तरतूद होती : एरवी पगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज लागे, पण आजारपणासाठी शिल्लक रजा मागितल्यास अर्ज वेळेत नाही म्हणून ती नाकारता येत नसे. आजारपण पंधरा दिवस आधी सूचना देऊन येत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

२०१९ आणि २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या चार कामगार संहितांत यांपैकी केंद्रीय कायदे सामावले गेले आहेत. त्यामुळे कलमांचे क्रमांक आणि काही आकडे बदलू शकतात. प्रत्यक्ष दावा करण्यापूर्वी शाखा कार्यालयात ताडून पाहावे.

आईवडिलांसाठी घेतलेली रजा

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न हमखास असतो : ‘आईचे ऑपरेशन आहे, मला आजारपणाचे पैसे मिळतील का?’ उत्तर, नाही. विम्याचा आजारपणाचा रोख लाभ हा विमाधारकाच्या स्वतःच्या आजारासाठी आहे. आईवडिलांच्या सेवेसाठी नैमित्तिक किंवा साठवलेली पगारी रजाच घ्यावी लागते. खोटे प्रमाणपत्र मिळवून स्वतःला आजारी दाखवण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. लाभ परत करावा लागतो, शिक्षाही होऊ शकते, आणि पुढे खरोखर आजारी पडल्यावर शब्दाला किंमत राहत नाही.

आईवडील अवलंबित म्हणून विम्यात नोंदलेले असतील, तर त्यांच्या उपचारांचा खर्च मात्र योजनेतून होऊ शकतो. ही नोंद झाली आहे का, ते आजच पाहावे. आणि जे वाचक स्वतः विमाधारक म्हणून निवृत्त झाले आहेत व ज्यांची विमा सेवा किमान पाच वर्षांची आहे, त्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. ही सोय अनेकांना माहीत नसते.

आपल्या घरी कामाला येणारी

आता थोडे अवघड बोलतो. रागावू नये.

आजींच्या पत्रात शेवटी एक ओळ होती : ‘माझी देखभाल करायला एक ताई येतात. मुलगा दवाखान्यात असताना त्यांनाही ताप होता, पण बिचाऱ्या एक दिवस चुकल्या नाहीत.’ आजींनी हे कौतुकाने लिहिले आहे. मी ते वाचून जरा थबकलो.

ताई का चुकल्या नाहीत? आजींवर माया असेल, नक्कीच असेल. पण खाडा झाला की पैसे कापले जातात, हेही त्यांना ठाऊक असणार. जी अडचण आजींच्या मुलाला कारखान्यात होती, तीच ताईंना आजींच्या घरी होती. फरक इतकाच, की येथे मालक आजी होत्या.

खासगी घरात काम करणाऱ्या मदतनिसांना कामगार विमा योजनेचे कवच मिळत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळासाठी कायदा केला, तेथे त्यांची नोंदणी होते. पण म्हणून त्यांना आजारपणात पगार मिळतोच असे नाही. एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या मदतनिसांचा विमा असू शकतो. त्या संस्थेला हे अवश्य विचारावे. थेट ठेवलेल्या ताईंच्या बाबतीत मात्र जे काही ठरायचे, ते आपल्या स्वयंपाकघरातच ठरते.

यात आपल्या आरोग्याचाही प्रश्न आहे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. ताई आपल्याला उठवतात, आंघोळ घालतात, जेवण भरवतात. त्यांचा श्वास आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. ७०-७५ वर्षांच्या, दमा किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला फ्लूमागून न्यूमोनिया होण्याचा धोका तरुणापेक्षा पुष्कळ अधिक. ताप अंगावर काढून आलेली मदतनीस आपल्याकडे नकळत काय घेऊन येते, याचा विचार करावा.

म्हणून माझी सूचना अशी आहे. वर्षाला बारा दिवस आजारपणाची पगारी सुट्टी ठरवा. महिना १२,००० रुपये पगार असेल, तर रोजचे ४०० रुपये होतात. बारा दिवसांचे ४,८००. ही रक्कम प्रत्येक घराला सारखी परवडेल असे नाही. ज्यांना बारा झेपत नाहीत त्यांनी सहा ठरवावेत. पण ठरवावे, आणि हिशोबाच्या वहीत लिहून ठेवावे. ‘बघू तेव्हाचे तेव्हा’ या बोलीवर कोणीही निर्धास्त झोपत नाही. दोन दिवसांच्या तापासाठी प्रमाणपत्र मागू नये. सकाळी लवकर फोन करावा, एवढी अट पुरे. त्या दिवसांसाठी शेजारची एखादी ओळखीची बाई, धाकटी बहीण किंवा नातेवाईक अशी पर्यायी व्यवस्था आधीच बोलून ठेवावी. आणि ताई खोकत दारात आल्याच, तर त्यांना पगार न कापता परत पाठवण्याइतके आपण ठाम असावे.

आजींना उत्तर

आजी, आपण विचारले होते, त्या सकाळी मुलाला काय सांगायला हवे होते. माझ्या मते एवढेच : ‘बाळा, तुझ्या पगारातून दरमहा १३५ रुपये जातात ते याच दिवसासाठी. चल, आधी विमा दवाखान्यात जाऊन येऊ.’ ते आपल्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून आपण सांगू शकला नाहीत. त्यात आपला दोष नाही. आता फाईल तयार करा. आपल्या पत्रावरून मुलगा अजून अशक्त दिसतो. त्याला पुन्हा रजा लागली, तर या वेळी पहिला कागद योग्य दवाखान्याचा असू द्या.

आणि ताईंच्या त्या आठवड्याविषयी एक सुचवतो. तापात आलेल्या दिवसांचा पगार आपण दिलाच असेल. त्यावर त्यांना दोन दिवसांची पगारी सुट्टी द्या, नुसती झोप काढण्यासाठी. वहीत त्यांच्या नावाचे एक पान उघडा आणि सुट्टीचे दिवस त्यांच्या देखतच लिहा.

वाचकहो, हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी घरातील मिळवत्या माणसाचे या महिन्याचे पगारपत्रक मागून घ्या आणि कपातीच्या रकान्यातील ती तीन अक्षरे शोधा. सापडली तर फाईल करा. सापडली नाहीत तर किती दिवस रजा शिल्लक आहे, ते विचारा. घरात सगळे धडधाकट असतानाच हे विचारून ठेवलेले बरे.